व्हिडिओ बत्तीस झाले, पण अर्ज लिहिता येईना

वाचकाचं पत्र, थोडक्यात : विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने लिहिलं आहे. नोकरीला सतरा वर्षं झाली. गेल्या वर्षी संस्थेने त्यांच्यावर ‘व्यवसाय, शासन आणि कायदा : रोजच्या उपयोगाची कौशल्यं’ असा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करायचं काम सोपवलं. उन्हाळ्याची सुट्टी घालवून त्यांनी चाळीस-चाळीस मिनिटांचे बत्तीस व्हिडिओ केले आणि प्रत्येकाखाली चाचणी ठेवली. दोनशेवर मुलांनी नाव नोंदवलं, शेवटपर्यंत एकवीस पोचली. त्या एकवीसमधला एक बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचा मुलगा, माहिती अधिकाराच्या चाचणीत वीसपैकी अठरा गुण मिळवलेला, शिष्यवृत्ती अडकली म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज करायला त्यांच्याकडे आला. त्यांनी कोरा कागद पुढे केला. दहा मिनिटं त्याचं पेन कागदाला टेकलं नाही. “मॅडम, व्हिडिओत तर सगळं कळलं होतं,” एवढंच तो म्हणाला. संस्थेला आता नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, तोंडावर दुसरी तुकडी हवी आहे, तीही दुप्पट संख्येची. बाई विचारतात : ही कौशल्यं ऑनलाइन शिकवता येतच नाहीत का? की आजच्या मुलांना त्यांची गरजच वाटत नाही? स्पष्ट नकार देऊन थांबावं का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातला तो कोरा कागद दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही. तुम्हाला त्यात तुमचं अपयश दिसलं. मला आधी दिसलं ते हे, की तो मुलगा कागद घ्यायला तुमच्याकडे आला. शिष्यवृत्ती अडकली की आपल्याकडची मुलं सायबर कॅफेवाल्याकडे जातात, ओळखीच्या कोणाकडे जातात, नाहीतर गप्प बसतात. हा अर्ज करायचा म्हणून आला. आपल्याला विचारण्याचा हक्क आहे, एवढं त्याच्या मनात पक्कं बसलं आहे आणि ते तुमच्याच व्हिडिओंनी बसवलं. विचारायचं कसं, हे मात्र त्याच्या हाताला अजून माहीत नाही. या दोन गोष्टींमधल्या अंतराबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

त्याआधी त्या एकवीसच्या आकड्याबद्दल. दोनशेतून एकवीस म्हणजे फजिती, असं तुम्ही धरून चालला आहात. हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. त्यात २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम तीन टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांत मात्र हेच प्रमाण जवळजवळ निम्म्यावर जातं. हे मी तुमची समजूत घालायला सांगत नाही. नोंदणी करणारा प्रत्येक जण शेवट गाठायलाच आलेला असतो, हे आपलं गृहीतकच कच्चं आहे, म्हणून सांगते.

मी बरीच वर्षं पत्राद्वारे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वाणिज्य आणि कायद्याची पुस्तकं लिहीत होते. एकदा संपर्क वर्गाला एक बाई भेटल्या. घरी मसाले आणि पापड करून विकायच्या. पहिल्या दोन भागांची उत्तरं पाठवून त्या गायब झाल्या होत्या आणि माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे मी ‘गळती’ असं लिहिलं होतं. विचारल्यावर म्हणाल्या, “मला खाद्यपदार्थांच्या नोंदणीचं तेवढं हवं होतं. ते दुसऱ्या भागात मिळालं, मी नोंदणी करून घेतली. पुढचं भागीदारी कायद्याचं मला कशाला लागतंय?” त्यांचं शिक्षण पूर्ण झालं होतं, अपुरी होती ती माझी वही. तेव्हा निर्णय घेण्याआधी एक करा. सोडून गेलेल्यांपैकी दहा-बारा जणांना फोन करा. ‘का सोडलंस?’ असं विचारू नका, त्याला ‘वेळ नव्हता मॅडम’ याशिवाय उत्तर येत नाही. शेवटचा व्हिडिओ कुठला बघितला, कितव्या मिनिटाला बंद केला, तेव्हा घरात काय चाललं होतं, हे विचारा.

काही उत्तरांचा अंदाज मी आत्ताच करू शकते. बत्तीस गुणिले चाळीस मिनिटं म्हणजे एकवीस तासांच्या वर. घरात एकच मोबाइल असेल तर तो वडिलांबरोबर दिवसभर बाहेर जातो आणि रात्री नऊला तासाभरासाठी हाती येतो. त्यात दिवसाचा डेटा संपत आलेला. म्हणूनच मुलांना गरज वाटत नाही, ही तुमची शंका मला पटत नाही. जातपडताळणी, उत्पन्नाचा दाखला, भाड्याच्या खोलीची अनामत, पहिल्या नोकरीत अडवून ठेवलेला पगार… तुमच्या मुलांइतकी कायद्याची आणि कचेऱ्यांची गरज क्वचितच कोणाला पडत असेल. गरज आहे, पण ती सोळाव्या व्हिडिओच्या बावीसाव्या मिनिटाला भागणार असेल तर मूल तिथवर पोचत नाही.

थोडं कठोर बोलते, राग मानू नका. तुम्ही ऑनलाइन अभ्यासक्रम केला नाहीत, तुम्ही तुमचा वर्ग चित्रित केलात. वर्गात तुम्ही बोलता तेव्हा चौथ्या बाकावरच्या मुलीच्या कपाळावर आठी पडते, तुम्ही थांबता, उदाहरण बदलता. कॅमेऱ्यासमोर ती आठी नाही. ‘स्वयम’ हे सरकारी व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं, तेव्हा प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग ठरवले गेले : व्याख्यान, वाचनाचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका-चर्चेची जागा. तुमच्याकडे पहिला आणि तिसरा आहे. चौथा असता तर त्या मुलाची अडचण तुम्हाला चाचणीनंतर आठवड्याभरात कळली असती. आणि आपल्या विषयाला माझ्या मते पाचवाही भाग लागतो : हाताने करायचं एक काम.

तुमच्या त्या मुलाचाच अर्ज घेऊ. तो लिहू लागला असता तर पहिल्या खर्ड्यात काय आलं असतं, हे मी असे शेकडो खर्डे वाचल्यामुळे सांगू शकते : “मी गरीब कुटुंबातील विद्यार्थी असून माझी शिष्यवृत्ती का मिळाली नाही? तरी मला न्याय मिळावा ही नम्र विनंती.” वाचून पोटात कालवतं, पण माहिती अधिकाराच्या अर्जाला याचा उपयोग नाही. या कायद्याने मिळते ती कार्यालयाच्या नोंदीत असलेली माहिती. ‘का’ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधलेला नाही, आणि न्याय देणं तर त्याच्या हातातच नाही. तोच अर्ज असा व्हायला हवा : “माझ्या अमुक क्रमांकाच्या शिष्यवृत्ती अर्जावर आपल्या कार्यालयात तो प्राप्त झाल्यापासून आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत. सदर अर्ज सध्या ज्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे त्याचे पदनाम. असे अर्ज निकाली काढण्यासाठी ठरवून दिलेल्या मुदतीच्या परिपत्रकाची प्रत.” तीन वाक्यं, आणि प्रत्येकाचं उत्तर कुठल्यातरी कागदावर आहे.

पहिल्या खर्ड्यापासून या तीन वाक्यांपर्यंत नेणं, हेच ते कौशल्य. चार पर्याय देणाऱ्या चाचणीत ते मोजता येत नाही. मुलाला लिहावं लागतं, चुकावं लागतं, कोणीतरी ‘का’ या शब्दाभोवती लाल गोल करून कागद परत द्यावा लागतो आणि त्याला तो पुन्हा लिहावा लागतो. आणि यातलं बहुतेक सगळं ऑनलाइन होऊ शकतं, म्हणूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘शिकवता येतं’ असं आहे. सहा मिनिटांचा व्हिडिओ, त्यात फक्त हे दोन खर्डे शेजारी शेजारी. मग मुलाने वहीच्या पानावर अर्ज लिहून फोटो पाठवायचा. तुम्ही एकच चूक दाखवायची. सगळ्या एकदम दाखवल्या की पान परत येत नाही. दुसरा फोटो. मग खरा अर्ज : जोडपत्र ‘अ’ हा ठरलेला नमुना, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे मजकूर दीडशे शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर दहा रुपयेही लागत नाहीत.

त्यानंतर थांबायचं. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यावरही समाधान नसेल तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अभ्यासक्रमाचं वेळापत्रक संस्थेला विचारून ठरवू नका, कायद्यानेच ते ठरवून दिलं आहे. ते तीस दिवस वाट बघणं, विसाव्या दिवशी आवक-जावक लिपिकाला ‘माझा अर्ज कुठवर आलाय’ असं विचारायला उभं राहणं, हाही पाठच आहे. तेवढ्या काळात गटावर रोज काहीतरी टाकत बसू नका.

याच प्रकरणात एक अवघड वळण आहे आणि ते तुमच्या आवारातलं आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला येतो, तिथे तपासणी झाल्यावरच पुढे समाजकल्याण किंवा संबंधित विभागाकडे जातो. त्या मुलाचा अर्ज तुमच्याच कार्यालयातल्या संगणकावर पडून असण्याची शक्यता आहे. तेव्हा माहिती अधिकार लिहायला बसवण्याआधी त्याला स्वतःच्या लॉगिनमध्ये अर्जाची स्थिती बघायला शिकवा. मग कार्यालयाच्या खिडकीवर पाठवा, हातात अर्ज क्रमांक लिहिलेली चिठ्ठी देऊन. कुठला दरवाजा आधी ठोठवायचा, हे कळणं कलम पाठ असण्यापेक्षा जास्त कामाचं आहे. तुमच्या सहकाऱ्यांना हे रुचेलच असं नाही. पण जी संस्था ‘शासन कौशल्यं’ शिकवते, तिने स्वतःच्या खिडकीवरचा प्रश्न आधी सोसायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

व्यवसायाच्या भागासाठी पुस्तकापेक्षा घरातला डबा उघडायला सांगा, ज्यात बिलं कोंबलेली असतात. एका बिलावरचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक वाचायचा. सुरुवात २७ ने झाली तर नोंदणी महाराष्ट्रातली. दुकानदार कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या सोयीत, असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर लावता येत नाही. लावलेला दिसला तर ते बिल गटावर चर्चेला आणायचं, दुकानाचं नाव झाकून. छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर मोफत होते. ज्या मुलांच्या घरी छोटा धंदा आहे त्यांनी ती आईवडिलांना शेजारी बसवून करावी. आधी कोणी त्यासाठी पैसे मोजले असतील तर त्या घरात तुमचा धडा कायमचा राहील.

शासनासाठी ग्रामसभा. आपल्याकडे वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात आणि गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. म्हणून पहिलं काम ग्रामसभेला जायचंच नाही, यादीत आपलं नाव आहे का ते बघायचं. तुमच्या वर्गातली बहुतेक मुलं अठरा पूर्ण केलेली, पण किती जणांनी मतदार नोंदणीचा नमुना ६ भरला असेल? नंतर सभेला बसायचं आणि तीनच गोष्टी टिपायच्या : किती माणसं हजर होती, किती बायका बोलल्या, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं की नाही. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती मुलांनी स्वतः मोजावी. आपल्या गावची सभा मोजून आलेल्या मुलाला पंचायत राजची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती वेगळी समजावावी लागत नाही.

आता एक गोष्ट अगदी गांभीर्याने. पहिल्या फेरीत मुलांना फक्त स्वतःच्या कामाचे अर्ज करू द्या : माझी शिष्यवृत्ती, माझा दाखला, माझी गुणपत्रिका. सरपंचाच्या रस्त्याचं बिल, वाळूचा ठेका, कोणाच्या जमिनीचा फेरफार, यांना हात घालायला लावू नका, मूल कितीही उत्साही असलं तरी. २०१० च्या जानेवारीत तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी या माहिती अधिकार कार्यकर्त्याची हत्या झाली, हे आपल्याच राज्यातलं आहे. अर्जावर मुलाचं नाव आणि पत्ता असतो, आणि छोट्या गावात अर्ज कोणी केला हे संध्याकाळपर्यंत पारावर पोचतं. त्या मुलाला रोज त्याच एसटीने यायचं असतं. हक्क शिकवताना धोका झाकून ठेवायचा नाही. तो मुलांसमोर मोकळेपणाने बोला, पालकांशीही बोला.

तुमच्या मर्यादेबद्दलही तुम्ही चाचरत लिहिलं आहे, ‘मी वकील नाही’ असं. ती मर्यादा चांगली आहे, तीच मुलांना शिकवा. अर्ज कसा लिहायचा, नोटीस कशी वाचायची, मुदत कशी मोजायची, हे तुमचं काम. ‘माझ्या मामाने जमीन बळकावली, काय करू?’ या प्रश्नाला तुम्ही सल्ला द्यायचा नाही. तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर फोन लागतो. महिन्यातून एकदा समितीच्या वकिलांना तासभर ऑनलाइन बोलवा. त्यांच्याकडे शिबिरं घेण्याची पद्धत आहेच, तुमच्या पत्राची ते वाट बघत असतील.

आणि कृपा करून जुने व्हिडिओ एकदा तपासा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं ‘चारशे वीस’ आता कलम ३१८ मध्ये आहे. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत एक वाक्य जुनं झालं तरी सगळा पुन्हा करायचा कंटाळा येतो आणि चुकीचा कायदा तसाच चालत राहतो. छोटे तुकडे असले की तेवढा एकच बदलता येतो. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला तारीख बोला : ‘ही माहिती अमुक महिन्यातली आहे.’

राहिला संस्थेचा प्रश्न. थांबू नका, पण दुप्पट संख्येलाही हो म्हणू नका. प्राचार्यांना सांगा की दुसरी तुकडी चाळीस मुलांची, चार महिन्यांची आणि चार कामांची असेल : एक अर्ज, एक बिल, एक सभा, एक करारपत्र. नॅकच्या समितीसमोर दोनशे नावांच्या यादीपेक्षा चाळीस मुलांच्या पोचपावत्यांची फाइल ठेवायला कोणत्याही प्राचार्याला आवडेल, हा माझा अनुभव आहे. करारपत्रासाठी भाड्याच्या खोलीचा लिव्ह अँड लायसन्स करार घ्या, शहरात शिकायला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला तो लागतो. तुम्हाला एकटीला चाळीस जणांचे कागद तपासणं जड जाईल, तेव्हा त्या एकवीसमधल्या पाच जणांना मदतीला घ्या. अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठाने १९७२ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनाच शाळांमध्ये रोजच्या उपयोगाचा कायदा शिकवायला पाठवलं आणि ती पद्धत पुढे अनेक देशांत गेली. तुमच्या जिल्ह्यातल्या विधी महाविद्यालयालाही विचारून बघा.

ज्यांना भागीदारी कायदा, कंपनी कायदा सविस्तर शिकायचा आहे त्यांना ‘स्वयम’वर पाठवा. तिथले श्रेयांक (क्रेडिट) विद्यापीठ ठरावीक मर्यादेपर्यंत धरू शकतं, २०२१ च्या नियमांप्रमाणे ती मर्यादा चाळीस टक्के आहे. तेवढं ओझं तुमच्या डोक्यावरून उतरेल. फक्त एक इशारा पहिल्याच दिवशी द्या : ऑनलाइन किंवा पत्राद्वारे घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही, त्यासाठी मान्यताप्राप्त विधी महाविद्यालयात नियमित हजर राहूनच शिकावं लागतं. मोबाइलवरच्या जाहिरातींना भुलून घरचे पैसे घालवलेली मुलं मला भेटली आहेत, त्यांतल्या दोघांनी त्यासाठी शेतीच्या कर्जातले पैसे वळवले होते.

आणि त्या मुलाला सोमवारी पुन्हा बोलवा. महाडीबीटीचं लॉगिन त्यालाच उघडू द्या. अर्ज महाविद्यालयाकडे असेल तर कार्यालयापर्यंत तुम्ही त्याच्याबरोबर चला, पण खिडकीवर बोलायचं त्याने. पुढे समाजकल्याणकडे गेलेला असेल तर तोच कोरा कागद घ्या. तुमचं पेन खाली ठेवा. ‘प्रति, जन माहिती अधिकारी’ एवढं त्याला सांगा आणि बाकीचं त्याच्याकडून येईपर्यंत थांबा, पंधरा मिनिटं लागली तरी. अर्ज देऊन आला की दुसऱ्या प्रतीवरची पोच बघा : शिक्का, सही, तारीख. त्याची परवानगी घेऊन, नाव झाकून, त्या पोचेचा फोटो नव्या तुकडीच्या पहिल्या पाठात लावा. उत्तर काय आलं ते मला कळवा.